मदत हवी आहे: मोठ्या लाटेवर ऐन वेळी हात थांबतात

टिळकवाडी_लाट
कुणीतरी नीट सांगा. सर्फिंग करताना पडल्यापासून माझं काहीतरी बिघडलंय. लाट पाठीमागं येते, बोर्ड उचलला जातो, आता दोन हात मारायचे आणि उठायचं, तेवढ्यात हात थांबतात. लाट खालून निघून जाते. दिवाळीनंतर तीनदा जाऊन आले, तिन्ही वेळा तेच. पुढच्या शनिवारी परत जायचंय. ‘सराव कर’ सोडून काहीतरी सांगा की, ते सगळ्यांचं सांगून झालंय.

खानापूरचा_पोहणारा
ताई, कुठं जाता? मोठी म्हणजे किती मोठी? पडल्यावर लागलं होतं का? काहीच कळेना.

चोर्ला_नेहमीचा
शनिवारी निघणार असाल तर पहाटे पाचच्या आत जांबोटी सोडा. कणकुंबीच्या पुढं धुकं असतं, वळणावर घाई नको. अनमोडवरून जाऊ नका, लांब पडतं.

खानापूरचा_पोहणारा
लांब पडू दे, लोंढ्यावरून निवांत जाता येतं. चोर्ल्यात एखादा ट्रक अडकला की तिथंच दुपार.

टिळकवाडी_लाट
रस्ता नाही हो विचारला. गोव्यात अश्वेला जाते. मोठी म्हणजे छातीच्या वर. कमरेएवढ्या लाटेवर आजही व्यवस्थित उठते.

निपाणीचे_आप्पा
पोरी, भीती पाण्याची नसते, दमाची असते. आम्ही मळ्यातल्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलो. रोज पहाटे विहिरीत बुडी मारून दम धर. आधी वीस-पंचवीस श्वास जोरजोरात घ्यायचे, मग दम टिकतो. दोन मिनिटांवर गेलीस की समुद्राचं काही वाटणार नाही.

शहापूर_फिजिओ
आप्पा, माफ करा, पण हे कुणीही करू नका. जोरजोरात श्वास घेतल्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा उतरतो. श्वास घ्यायची तगमग होते ती त्या कार्बन डायऑक्साइडमुळं. तगमगच झाली नाही तर इशारा मिळत नाही आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो. उत्तम पोहणारे असे गेलेत. दम वाढवायचाच तर जमिनीवर, बसून. पाण्यात एकट्यानं कधीच नाही.

निपाणीचे_आप्पा
साठ वर्षं पोहतोय, मला काही झालं नाही. आणि काठावर माणूस असल्याशिवाय नातवाला मी पण सोडत नाही.

शहापूर_फिजिओ
मग तेच आधी लिहा ना आप्पा. वाचणारं पोर एकटंच विहिरीवर जाईल.

मुल्कीत_शिकलेला
ताई, तीन गोष्टी सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. पडलात तेव्हा महिना कुठला, बोर्ड कुठला, आणि पाण्याखाली किती वेळ होता?

टिळकवाडी_लाट
मे महिना. आधी आठ फुटी फोमचा वापरायचे, त्या दिवशी पहिल्यांदा साडेसहा फुटी कडक बोर्ड घेतला होता. तोच अजून वापरते. बोर्डाच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर पडले, लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) पायांत गुंडाळली, वर येते तोवर दुसरी लाट डोक्यावर. मिनिटभर तरी आत होते. त्यानंतर रात्री झोपेतसुद्धा तो आवाज यायचा. हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

मुल्कीत_शिकलेला
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. मे महिन्यात दक्षिणेच्या महासागरातून लांब पल्ल्याच्या लाटा येतात, दोन लाटांत चौदा-पंधरा सेकंदांचं अंतर. उंची तेवढीच दिसली तरी जोर कितीतरी जास्त. केरळात अशाच लाटांनी किनाऱ्यावर पाणी चढतं, त्याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. नोव्हेंबरात तसं पाणी सहसा नसतं. हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) अंदाज बघताना उंचीच्या शेजारी सेकंदही बघत जा.

आणि हात थांबवणं हेच जास्त धोक्याचं. वेग नसला की बोर्ड लाटेच्या माथ्यावर अडकतो आणि लाट तुम्हाला नाकावर घेऊन कोसळते. उठावंसं वाटलं की आणखी दोन हात मारा, मग उठा. त्यासाठी तो आठ फुटी परत घ्या. लांब बोर्ड लाट लवकर पकडतो, विचार करायला वेळ मिळतो. आधी कमरेएवढ्या लाटेवर मुद्दाम पडा. पाय आधी, डोकं झाकून, पडल्यापासून वर येईपर्यंत आकडे मोजत. आणि मिनिटभर आत होता हे मला पटत नाही. कुणी व्हिडिओ काढला होता का?

खानापूरचा_पोहणारा
मलप्रभेच्या पुरात मी एकदा ओढला गेलो होतो. आजही विचाराल तर पाच मिनिटं म्हणेन.

शहापूर_फिजिओ
झोपेत आवाज येणं अजून चालू असेल तर कुणाशी तरी बोला, ताई. ते पाण्यात उतरून जाईलच असं नाही.

टिळकवाडी_लाट
झोपेचं आता कमी झालंय. मैत्रिणीकडं व्हिडिओ होता. सहा महिन्यांत मी तो बघितला नव्हता. आत्ता दोनदा बघितला, घड्याळ लावून. पडल्यापासून डोकं वर येईपर्यंत सहा सेकंद. मग दुसरी लाट, तिचे पाच. मधे मी श्वास घेतलाय, स्पष्ट दिसतंय. मला तो श्वास आठवतच नाही.

मुल्कीत_शिकलेला
अकरा सेकंद. जिना चढताना मोजून बघा केवढे होतात ते.

टिळकवाडी_लाट
आठ फुटी भाड्यानं मिळतोय, सांगून ठेवला. शनिवारी कमरेएवढ्यावरच, दहा वेळा मुद्दाम पडून. लीश पायांत येऊ नये म्हणून काय करता? आणि चोर्लावाले दादा, पाचला जांबोटी सोडायची तर बेळगावातून किती वाजता निघू?

चोर्ला_नेहमीचा
सव्वाचारला. गाडीत आलं घालून चहा असू दे.