आरटीएक्स ५०९० ग्राफिक्स कार्डला ८५० वॉटचा पॉवर सप्लाय पुरेल का?

प्रश्न: सोबत रायझन ९८००एक्स३डी प्रोसेसर आहे. जुना ८५० वॉट 'गोल्ड' सप्लाय ठेवू का?

प्रतिसाद १: नको. कार्ड एकटंच ५७५ वॉट खातं, प्रोसेसर १६२ पर्यंत. पंखे, ड्राइव्ह धरून ८०० च्या आसपास. शिवाय कार्ड क्षणभर याच्याही बरंच वर उसळतं, तेव्हा सप्लायचं संरक्षण सर्किट गेम चालू असतानाच पीसी बंद पाडतं. १००० वॉट, एटीएक्स ३.१ (अशा उसळ्या झेलणाऱ्या सप्लायचं मानक) घ्या. कार्ड बनवणारी एनव्हीडियाही १००० च सांगते.

प्रतिसाद २: आणि 'गोल्ड' म्हणजे फक्त कार्यक्षमता, दर्जा नव्हे!

प्रतिसाद ३: कार्डाला वीज देणारी १६ पिनांची केबल पूर्ण आत दाबा, पहिले ३५ मिमी वाकवू नका. अर्धवट बसली की मोजक्या पिनांवर भार येऊन प्लास्टिक वितळतं. जुन्या सप्लायच्या मोड्युलर (सुट्या निघणाऱ्या) केबल नव्याला अजिबात लावू नका. पिनांची मांडणी वेगळी असू शकते, एसएसडी जळेल.