चोरबीटीवर बंदी कागदावर, बियाणं शेतात. असंच चालू ठेवायचं का?

वऱ्हाडकाठ:
मृग जवळ आला की विदर्भात गावोगाव चोरबीटीची पाकिटं फिरायला लागतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे तणनाशक सहन करणारं, जनुकबदल केलेलं कापसाचं बियाणं. कागदोपत्री नाव एचटीबीटी. त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं की तण जळतं आणि कपाशी उभी राहते. केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने, म्हणजे जीईएसीने, त्याच्या लागवडीला परवानगी दिलेली नाही. २०१६ मध्ये तर कंपनीने मंजुरीचा अर्जच मागे घेतला होता. तरी पेरा होतोच. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेने जाहीर सत्याग्रह करून हे बियाणं पेरलं, तेव्हा कायद्यात त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होता.

राबवताच न येणाऱ्या बंदीने धोका कमी होत नाही. तो सगळा शेतकऱ्याच्या माथी येतो. अधिकृत बीजी-२, म्हणजे बोंडअळी रोखण्यासाठी जनुकबदल केलेला मंजूर बीटी कापूस, त्याच्या पाकिटाची किंमत केंद्र ठरवतं, पाकिटावर लॉट नंबर असतो, बियाणं उगवलं नाही तर कृषी खात्याकडे तक्रार होते, पंचनामा होतो. चोरबीटीला बिलच नाही. भेसळ निघाली तर तक्रार करणारा स्वतःच आरोपी! माझी मागणी साधी आहे. सरकारी संस्थांकडून चाचण्या करून घ्या आणि ठरलेल्या मुदतीत हो किंवा नाही सांगा.

निसर्गसाखळी:
तुमची कळकळ पटते, पण हा रस्ता आपण एकदा चाललो आहोत. २००१ मध्ये गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस हजारो एकरांवर सापडला. उपटून जाळण्याचे आदेश निघाले, ते अमलात आणणं जमलं नाही आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला अधिकृत मंजुरी मिळाली. आधी बेकायदा पेरायचं आणि मग 'आता पेरलंच आहे तर मान्य करा' म्हणायचं. हे एकदा चाललं की नियामक संस्थेला अर्थच उरत नाही. उद्या कोणती कंपनी चाचण्यांवर वर्षं घालवेल?

शिवाय हे फक्त धाग्याचं पीक समजू नका. सरकीचं तेल माणसं खातात, सरकी पेंड गाईम्हशींना घालतो आपण.

बांधावरून:
ताई, तुमचं सगळं खरं. पण निंदणाले बाया भेटत नाही, हे कोन पाहील? पाऊस लागला की आठ-आठ दिवस वावरात पाय ठेवता येत नाही, डवरा चालत नाही, अन् तण कपाशीच्या डोक्यावर जाते. मजुरी देऊन देऊन हातात काय उरते? अन् दुकानदाराले बिल मागतलं तं म्हनते, घ्यायचं असन तं घे. आम्हाले कायदा मोडायची हौस नाही.

कपाशी_तूर:
दादा, निंदणाची अडचण आमच्याकडेही तीच आहे. पण मी चोरबीटी लावत नाही, त्याचं कारण तूर. आपल्याकडे कपाशीच्या ओळींत तुरीचं तास असतं. ग्लायफोसेटला तूर आणि तण यांतला फरक कळत नाही. म्हणजे तणनाशकाची कपाशी घेतली की तूर सोडा, मूग-उडीद सोडा. कापूस बुडाला त्या वर्षी आमचं घर तुरीने धरलं आहे. वरून वारा असला की शेजारच्या वावरात फवारा उडतो, आणि त्यावरून धुऱ्यावर भांडणं होतात. परवानगी देताना कोणी हे मोजणार आहे का? चाचणीच्या प्लॉटवर कापूस एकटाच असतो.

आणि ज्या बायांना निंदणाची मजुरी मिळते, त्यांचंही घर त्यावरच चालतं. त्यांना या चर्चेत कोणी विचारत नाही.

निसर्गसाखळी:
यात आरोग्याचा मुद्दा जोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. यवतमाळ आठवा. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक माणसं गेली. तिथे आणखी एका रसायनाला दार उघडायचं?

स्टेथो:
मी डॉक्टर आहे, म्हणून एवढं स्पष्ट करते. यवतमाळची विषबाधा कीटकनाशकांची होती, तणनाशकाची नव्हे. दोन्ही एकत्र केली तर खरी चूक झाकली जाते. गुलाबी बोंडअळी बीजी-२ ला जुमानेनाशी झाली होती, कपाशी डोक्याएवढी वाढली होती, शेतकरी दोन-तीन औषधं एकत्र करून हातमोजे-मास्कशिवाय फवारत होते.

ग्लायफोसेटवर मतभेद आहेत. अमेरिकेची पर्यावरण संस्था त्याला कर्करोगकारक मानत नाही, युरोपीय संघाने २०२३ मध्ये आणखी १० वर्षं मुदत दिली. कर्करोग संस्था एखादा पदार्थ कर्करोग करू शकतो का हे पाहते, नेहमीच्या वापरात धोका किती हे सांगत नाही. पण आपल्याकडचा नेहमीचा वापर म्हणजे काय? भर उन्हात, पाठीवर गळका पंप, अनवाणी पाय. भारतात ग्लायफोसेटचं लेबल, म्हणजे वापराची अधिकृत परवानगी, चहाचे मळे आणि बिनपिकाच्या जागेपुरतं आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राच्या आदेशाने ते फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांनीच वापरायचं आहे. गावात असा व्यावसायिक किती जणांनी पाहिला आहे? माझी भीती बियाण्यापेक्षा या फवाऱ्याची आहे.

वऱ्हाडकाठ:
गुजरातचं उदाहरण मला मान्य आहे, पण मी त्यातून वेगळं काढतो. तिथे चूक मंजुरीआधीच झाली होती, सरकार उशिरा जागं झालं. आपण तर सगळं माहीत असून वर्षानुवर्षं गप्प बसलोय. बीटी वांग्याचं पाहा. ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीने हिरवा कंदील दिला, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ७ शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक आपल्या नागपुरात, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. मला तो निर्णय पटला नव्हता, पण मंत्र्याने लोकांसमोर बसून ऐकलं आणि कारणं लिहून दिली. स्थगितीनंतर मात्र ज्या चाचण्या हव्या होत्या त्यांचं पुढे काय? बांगलादेशने २०१३ मध्ये मंजुरी देऊन टाकली.

कपाशी_तूर यांचा मुद्दा मी मागणीत घालतो. चाचणी तुरीसह व्हावी, कोरडवाहू वावरात व्हावी. डॉक्टरताईंचाही: बियाण्याची मंजुरी आणि ग्लायफोसेटचं लेबल यांचा निर्णय एकत्रच व्हावा. आज एक पर्यावरण खात्याकडे, दुसरं कृषी खात्याकडे.

निसर्गसाखळी:
एकत्र निर्णयाला माझी हरकत नाही. मुदतीला आहे. मुदत घातली की घाईत 'हो' येतं. बीटी वांग्याच्या चाचण्यांची कच्ची माहिती बाहेर काढायला माहितीच्या अधिकारात भांडावं लागलं होतं. जनुकबदल केलेल्या मोहरीच्या प्रकरणात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मंजुरीवर एकमत झालं नाही, पण राष्ट्रीय धोरण हवं यावर दोघेही एक होते. ते धोरण आधी येऊ द्या. तोवर बंदी शेतकऱ्यावर नको, पाकीट बनवणाऱ्यावर राबवा. बियाणं घरी तयार होत नाही, कुठेतरी बीजोत्पादनाचे प्लॉट आहेत, गोदामं आहेत. तिथे धाडी घाला.

बांधावरून:
धाडी घाला, आमची ना नाही. पन धाड पडली की पाकीट महाग होते, बंद होत नाही. अन् यंदाच्या निंदणाचं काय, ते सांगा ना ताई.