रशियन मीन्याची चांदीची फोटो फ्रेम: मोडीत घालावी का?

विश्रामबागची_सून
सासरे मर्चंट नेव्हीत होते. ओडेसातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी तळहाताएवढी एक फोटो फ्रेम आणली होती. आता वाटणी चाललीय आणि मोठ्या जाऊबाईंचं म्हणणं, मोडून पैसे वाटून घेऊ. सांगलीत सराफ कट्ट्यावर दाखवली. त्यांनी वजन केलं, मीना वजा धरला, वर घट धरली आणि निव्वळ चांदीचा भाव सांगितला. मला पटेना.
फिकट निळा मीना, त्याच्या आत मधून फाकलेल्या बारीक रेघा. कडेला सोन्याचं गिलीट, मागे लाकूड. काठावर शिक्का आहे: उजवीकडे बघणारं बाईचं डोकं, ८४ आणि इवलासा त्रिकोण. एका कोपऱ्यात मीन्याचा टवका उडालाय. कुणाला काही कळतं का यातलं?

कृष्णाकाठ
८४ टंच म्हणजे शंभरात ८४ भाग शुद्ध, हलकी चांदी. आत्ता भाव बरा आहे, मोडा.

गलाईवाला_विटा
८४ टंच नव्हे हो. जुन्या रशियात झोलोत्निक नावाचं माप होतं, शुद्ध चांदी ९६ झोलोत्निक धरायचे. त्यातले ८४, म्हणजे ८७.५ टक्के.

पण ताई, हिशेब टंचाचा नाहीच. आमचा पिढीजात धंदा गलाईचा, माझी भट्टी कोइमतूरला आहे. वितळवणाराच सांगतोय, हे मुशीत घालू नका. मीना म्हणजे काच. टाकणखार टाकला की ती मळीत जाते, ती काढून फेकायची. गिलीटाचा थर इतका पातळ की त्यातनं सोनं काढायचा खर्चच जास्त. हातात उरणार फक्त चांदीची लगडी, आणि या फ्रेमची किंमत नेमकी त्या काचेतच आहे.

त्या रेघा लेथसारख्या यंत्रावर चांदीत कोरतात. वर पारदर्शक काचेची ओली पूड पसरायची, सातआठशे अंशांवर भाजायची, मग परत थर, परत भट्टी. एखाद्या थराला बुडबुडा आला की सगळं मुसळ केरात! फ्रेम जरा तिरकी करून बघा, उजेड आतल्या आत पाण्यासारखा सरकतो. वरून रंग मारलेल्या मालात हे होत नाही.

शिक्क्यातल्या बाईच्या डोक्यावर कोकोश्निक असतो, रशियन बायकांचा शिरपेच. १९०८ च्या आधीच्या शिक्क्यात ती डावीकडे बघते, नंतर उजवीकडे. त्रिकोण म्हणजे ग्रीक डेल्टा, मॉस्कोची खूण. सेंट पीटर्सबर्गला अल्फा. शिक्का खरा असेल तर तुमची फ्रेम १९०८ नंतरची, मॉस्कोची. खरा असेल तर, हे मुद्दाम म्हणतोय. फाबर्जे या झारच्या काळातल्या नामांकित रशियन जवाहिऱ्याच्या नावाचे खोटे शिक्के मारलेला माल जगभर फिरतोय. मागच्या टेकूवर वेगळा छोटा शिक्का आहे का, आयग्लासने, म्हणजे सराफी भिंगाने बघा.

विश्रामबागची_सून
टेकूवर आहे, पुसट. आणि काठावर दोन रशियन अक्षरंही आहेत, ती वाचता येत नाहीत. जाऊबाईंना तुमचा मेसेज वाचून दाखवला. म्हणाल्या, मग परदेशात विकू!

औंधकर
तिथे थांबा. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, आणि मग ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. आधी पुरातत्त्व खात्याकडून खात्री करून घ्या. मागे लाकूड आहे हे बरंय. अशा काही फ्रेमना हस्तिदंती पाठ असते, आणि हस्तिदंताची विक्री इथे बंद आहे.

विश्रामबागची_सून
बरं. आणि तो टवका? इथले एक कारागीर म्हणाले, परत भाजून भरून देतो.

गलाईवाला_विटा
अजिबात नको. चांदी आणि काच सारख्या फुगत नाहीत, परत तापवली तर शाबूत मीनाही तडकेल. सराफाच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये किंवा चांदी उजळायच्या औषधातही बुडवू देऊ नका. टवका आहे तसा राहू द्या. भाव थोडा पडेल, पण वाईट दुरुस्तीने जास्त पडतो. मऊ कोरड्या फडक्याने पुसा. त्या दोन अक्षरांचा जवळून फोटो टाका, ती कारागिराची आद्याक्षरं असणार.