तोर्बोले, लेक गार्डा: एक पाण्यात, एक कॅमेऱ्यामागे. विंडसर्फिंगचे फोटो नेमके कुठून काढावेत?

शीडवेडी

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आम्ही दोघं आठवडाभर इटलीत, लेक गार्डाच्या उत्तर टोकाला तोर्बोलेला असणार आहोत. नवरा सर्फिंग करतो (वजन ७५ किलो, हार्नेस म्हणजे शिडाला अडकवायचा कमरपट्टा आणि फूटस्ट्रॅप म्हणजे बोर्डावरचे पायपट्टे जमतात, जाइबचं वळण अजून कच्चं) आणि मी किनाऱ्यावरून फोटो काढते. क्रॉप सेन्सरचा मिररलेस कॅमेरा आहे, ७०-३०० लेन्स. फोटोंत नेहमी तीन गोष्टी बिनसतात: शिडामागे माणूस लपतो, चेहरा काळा पडतो, आणि फोकस माणसाला सोडून मागच्या लाटांवर जातो. शिडं ५.७ आणि ६.५ चौरस मीटर अशी दोन आहेत. शिवाय एक फाटकं जुनं शीड पडून आहे, त्याची कॅमेऱ्याची पिशवी शिवावी असा विचार आहे. फोटो, शिडं आणि पिशवी, तिन्ही बाबतींत जाणकारांनी सांगावं.

वाऱ्याखाली

आधी जागेचं बघू. तुमच्या अर्ध्या अडचणी जागेमुळेच आहेत.

ओरा हा इथला दुपारचा वारा दक्षिणेकडून वाहतो, म्हणजे तोर्बोलेच्या किनाऱ्यावर तो थेट तुमच्या तोंडावर येणार. सर्फर पूर्व-पश्चिम फेऱ्या मारतो तेव्हा शीड त्याच्या वाऱ्याखालच्या (वारा जिकडे जातो त्या) बाजूला असतं आणि त्याच बाजूला तुम्ही उभ्या असता. त्यामुळे सरळ धावेत माणूस शिडाआड जाणारच, त्याला इलाज नाही. पण जाइब म्हणजे वाऱ्याखाली वळण, आणि इथे वाऱ्याखाली म्हणजे किनारा! बोर्डाचं नाक फिरून सरळ तुमच्याकडे येतं, माणूस गुडघ्यात वाकलेला, आतली कड पाण्यात रुतलेली, बाहेरून तुषार. तोर्बोलेत ओरावर काढण्याजोगा फोटो हाच आहे. सरळ धावेवर मेमरी कार्ड भरू नका.

वळायची जागा आधी ठरवा. पाण्यात खूण टाकण्यापेक्षा समोरच्या डोंगरावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत आल्या की वळायचं, असं ठरवणं सोपं. किनाऱ्यापासून ५० ते ६० मीटर पुरे. त्याहून जवळ नको: वारा किनाऱ्याकडे ढकलतो आणि पडलात तर वॉटरस्टार्टला (पाण्यातूनच शिडाच्या जोरावर बोर्डावर चढायला) जागा उरत नाही. कोंका दोरोसारख्या ठिकाणी दुपारी पाण्यात उतरणारे आणि बाहेर येणारे खूप असतात, त्या वाटेपासून बाजूला व्हा.

शिडाचं गणित: वजन गुणिले १.४, भागिले वाऱ्याचे नॉट (ताशी सागरी मैल). ७५ किलोला १६ नॉटला ६.५ आणि १८ च्या पुढे ५.७. हा ढोबळ अंदाज आहे, पण तुमच्या दोन शिडांना नेमका बसतो.

आणि होडीतून फोटो काढायचा विचार असेल तर सोडा. तलावाच्या त्रेंतीनो भागात, म्हणजे तोर्बोलेकडच्या उत्तर टोकाला, खासगी मोटरबोटींना बंदी आहे.

छायाप्रकाश

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आता प्रकाश.

दुपारी तुम्ही दक्षिणेकडे तोंड करून उभ्या, सूर्य समोर, पाणी चमचमतंय. कॅमेऱ्याचं मीटर ती चमक मोजतं आणि सगळं अंधारवतं. म्हणून चेहरा काळा. मीटरवर सोडूच नका, मॅन्युअल ठेवा: १/२०००, एफ/६.३, आयएसओ ८००. निरभ्र ऊन तुमच्या पाठीमागून असतं तर याच शटर-छिद्राला आयएसओ ४०० पेक्षाही थोडं कमी चाललं असतं. हा साधारण सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) चेहऱ्यासाठी जास्त दिलाय. पाण्यावरच्या ठिणग्या जळतील, जळू द्या. शिडाचा पारदर्शक भाग मात्र या प्रकाशात आतून उजळतो, तो फोटो सकाळच्या उन्हात मिळत नाही. चारनंतर सूर्य उजवीकडे सरकतो, तेव्हा आयएसओ ५०० वर आणा. संध्याकाळी पश्चिमेचे डोंगर उंच असल्यामुळे ऊन लवकर जातं. पंचांगातल्या सूर्यास्ताच्या वेळेवर विसंबू नका.

फोकस: कंटिन्युअस, लहान झोन, आणि तो झोन हार्नेसच्या बक्कलावर. चेहरा ओळखणारं ऑटोफोकस शिडाच्या खिडकीतून चेहरा दिसला-लपला की गोंधळतं आणि पहिली चकाकती लाट धरतं. ट्रॅकिंगची संवेदनशीलता एक-दोन घरं कमी करा, म्हणजे मध्ये तुषार आले तरी कॅमेरा लगेच उडी मारणार नाही.

अंतराचा हिशेब: क्रॉप सेन्सरवर आडव्या चौकटीत ५० मीटरवर १५० मिमीला सुमारे ५ मीटर उंची मावते. शीड पाण्यापासून साडेचार मीटरच्या आसपास जातं. म्हणजे तिथे ३०० मिमी लावलंत तर शीड कापलं जाणार. ३०० ची गरज १०० मीटरवर.

गुडघ्यावर बसून काढा. क्षितिज कमरेच्या जवळ आलं की वेग दिसतो. उभं राहून काढलं की नुसतं पाणी दिसतं. ओरा समोरून येतो म्हणून लेन्सच्या तोंडावरचं हूड हवंच. गोडं पाणी असलं तरी थेंब वाळले की लेन्सवर डाग उरतात, दोन कोरडी मायक्रोफायबर फडकी खिशात ठेवा.

शीडवेडी

खूप उपयोगी, दोघांचे आभार. दोन शंका. पोलरायझर (पाण्यावरची चमक कमी करणारा फिल्टर) लावू का? आणि सकाळच्या पेलेर वाऱ्यावर हीच जागा चालेल का?

छायाप्रकाश

पोलरायझर नको. एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो, तुम्हाला तर इथे शटर हवंय. आणि मोनोफिल्मचं (पारदर्शक प्लास्टिक फिल्मचं) शीड ताणलेलं असतं, पोलरायझरमधून त्यावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटू शकतात. नंतर ते काढता येत नाहीत.

पेलेर उत्तरेकडून येतो, म्हणजे तोर्बोलेला किनाऱ्याकडून पाण्याकडे. तिथून फक्त पाठ दिसेल आणि जाइब तुमच्यापासून दूर जाईल. पूर्व किनाऱ्यावर, मालचेझिनेच्या बाजूला जा. तिथे वारा किनाऱ्याला समांतर वाहतो आणि फेऱ्या थेट तुमच्याकडे येतात: शीड डावीकडे, शरीर उजवीकडे झुकलेलं, चेहरा मोकळा. त्याच्या रेषेपासून किंचित उत्तरेला उभ्या राहा. दक्षिणेला सरकलात की परत शीड आडवं. माँते बाल्दो हा डोंगर पाठीशी असल्यामुळे अगदी पहाटे तो किनारा सावलीत असतो. ऊन पाण्यावर उतरल्यापासून पेलेर ओसरेपर्यंतचा वेळ तुमचा. तेव्हा १/२०००, एफ/६.३, आयएसओ ३२०.

वाऱ्याखाली

जाइब कच्ची आहे म्हणालात, तर फोटोंचा उपयोग शिकायलाही करा. अख्खं वळण चार-पाच सेकंदांचं असतं. बटण दाबून धरून सलग फोटो (बर्स्ट) मारलात तर कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी (बफर) नेमकी शीड पलटताना भरते. तीन तुकडे करा: हार्नेस सुटून मागचा पाय स्ट्रॅपबाहेर येतो तो क्षण, नाक सरळ वाऱ्याखाली असताना, आणि शीड पलटताना.

मग संध्याकाळी मोठ्या पडद्यावर बघा. पहिल्या तुकड्यात मागचा पाय कुठे पडला? आतल्या कडेवर, स्ट्रॅपच्या थोडा पुढे हवा. शेपटीवर पडला तर नाक वर येतं आणि बोर्ड तिथेच बसतो, बहुतेकांची जाइब इथे मरते. दुसऱ्यात गुडघे सरळ झालेत का, नजर पायांकडे आहे की वळणाच्या शेवटाकडे? मागचा हात बूमवर (शिडाच्या धरायच्या आडव्या दांड्यावर) पुरेसा मागे नसेल तर शीड उघडतं आणि वारा त्याला मागे खेचतो. पाण्यात असताना यातलं काहीच कळत नाही, समोरून काढलेल्या फोटोत लगेच दिसतं.

शिडावर डोलकाठीलगत आडव्या सुरकुत्या दिसल्या तर डाउनहॉल (शिडाचा खालच्या दिशेचा ताण) कमी आहे. आधी डाउनहॉल, मग आउटहॉल (बूमच्या मागच्या टोकाकडचा ताण). शिडाच्या वरच्या आडव्या पट्ट्यांमधली मागची कड सैल लोंबली पाहिजे. नवीन माणसाला ती बिघडल्यासारखी वाटते, पण जोराच्या झोताला शीड तिथूनच वारा सोडतं. ती घट्ट असेल तर सगळा भार मागच्या हातावर येतो. रोज उतरण्याआधी मास्टफूटचा (डोलकाठी बोर्डाला जोडणारा) रबरी सांधा वाकवून बघा. चीर दिसली की बदला, त्यात तडजोड नाही.

टाकाटिपा

पिशवीबद्दल. मोनोफिल्मचा कोपरा दुमडून नखाने दाबा. पांढरी रेघ उमटून तिथे तडकला तर तो भाग उन्हाने गेलाय, फेकून द्या. बाह्यभागासाठी जाळीदार एक्स-प्लाय (आत धाग्यांची जाळी असलेली फिल्म) आणि डोलकाठीच्या खोळीचं डॅक्रॉन (पॉलिएस्टरचं कापड) वापरा. मोनोफिल्म फक्त खिडकीपुरतं.

सुई ११० नंबर, दोरा पॉलिएस्टर, झिगझॅग टाका, लांबी ४ ते ५ मिमी. टाके जवळ घेतले तर भोकांची रांग होते आणि कापड तिथूनच फाटतं. उसवून पुन्हा शिवू नका, फिल्ममधली भोकं बुजत नाहीत. म्हणूनच टाचण्यांऐवजी दुहेरी चिकटपट्टी. मशीनचा दाबपाय फिल्मला चिकटत असेल तर टेफ्लॉनचा लावा, नाहीतर वर पातळ कागद ठेवून शिवा आणि मग फाडून काढा. कडांना पट्टी मारायलाच हवी, कापलेली फिल्म लेन्सवर ओरखडे पाडते. आतून १० मिमी फोम. पिशवी पाण्याचे शिंतोडे अडवेल, पण शिवणीतून पाणी झिरपतंच. कॅमेरा बोर्डावरून न्यायचा असेल तर आत गुंडाळी तोंडाची ड्रायबॅग हवी.