पाण्याखालचा ड्रोन: वायफायचा नाद सोडा

पाण्याखालच्या शोधकार्यासाठी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) वापरून वायफायवर चालणारा कॅमेरा-ड्रोन करायचा तुमचा बेत वाचला. उत्साह पटला, वायफाय नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात काही सेंटीमीटरांतच विरतात. खाऱ्या पाण्यात तर त्याहून लवकर. केबल लागणारच, आणि तीही शक्यतो धड तरंगणारी नाही, धड बुडणारी नाही अशी.

खरी कसोटी कॅमेरा आणि सर्किट ठेवायच्या डब्याची. दर १० मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे ३० मीटरवर पृष्ठभागाच्या चौपट. आणि गळायला ओ-रिंगखाली (झाकणाची फट बंद करणारी रबरी कडी) एखादा केस किंवा वाळूचा कण पुरतो. म्हणून डबा पाण्यात सोडण्याआधी हातपंपाने आतली हवा थोडी ओढून घ्या आणि गेज बघत बसा. १५ मिनिटांत काटा सरकला तर परत उघडा, रिंग पुसा, पुन्हा तेच. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

दिवे कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला लावा. गढूळ पाण्यात नाहीतर नुसतं पांढरं धुकं दिसतं.

तसंही दिसेनासं झालं की पाणबुडे हातानेच चाचपत शोधतात: मध्ये वजन, त्याला बांधलेली दोरी ताणून एक फेरी, मग दोरी थोडी सोडून पुढची. ही पद्धत आणि दोरी ओढून द्यायचे इशारे आधी प्रशिक्षकाकडून शिका. माणूस पाण्यात असताना पथकप्रमुखाला न विचारता यंत्र सोडूच नका, केबल त्याच्या अंगाभोवती गुंडाळली जाऊ शकते.

मोटर कोणती घेताय? ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली) असेल तर सील करायची कटकट बरीच वाचेल, फक्त बेअरिंग गंजणार नाहीत अशी बघा.