अनुभव धागा: नेत्रावळी, कुर्डी आणि सांग्याकडची गावं

गेल्या आठवड्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: 'नेत्रावळीला दिवसभर करायचं काय?' दक्षिण गोव्यात सांगे तालुक्यातलं हे गाव, मडगावहून गाडीनं सव्वा-दीड तास. पुढे अभयारण्य, त्यापलीकडे काणकोण आणि कर्नाटक. जे गेलेत त्यांनी काय घडलं ते लिहा. रस्ता, जेवण, फजिती सगळं चालेल. 'निसर्गरम्य' हा शब्द मात्र नको, तो इथल्या प्रत्येक फलकावर आहे.

सुरुवात मीच करते. गोपीनाथाच्या देवळासमोरची बुडबुड्यांची तळी बघायला आम्ही भर दुपारी पोचलो. पाणी हिरवट, चिरेबंदी पायऱ्या, आणि तळातून मण्यांची सर ओवावी तसे एकामागोमाग एक बुडबुडे वर येताहेत. एका कोपऱ्यात थांबले की दुसरीकडे सुरू. टाळ्या वाजवल्या की वाढतात असं म्हणतात, म्हणून नवऱ्यानं हात लाल होईपर्यंत वाजवल्या. मला फरक दिसला नाही, त्याला दिसला. कारणाबद्दलही एकमत नाही: कोणी मिथेन म्हणतं, कोणी आणखी काही. देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी आमचा तो सगळा खटाटोप बघून फक्त विचारलं, "कितें सोदता?" काय शोधतोय ते आम्हाला तरी कुठं माहीत होतं!

फोंड्याहून
टाळ्यांचं खरं आहे हो! आम्ही सहा जणांनी एकदम वाजवल्या. पण खरं सांगायचं तर टाळ्या न वाजवतासुद्धा तेवढेच येत होते. असो.
सावरीच्या धबधब्याबद्दल लिहिते. ऑक्टोबरच्या शेवटी गेलो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि तिकीट, मग रानातून चालायचं. वाट सोपी आहे, फक्त जळवा! मोज्याच्या आत शिरलेली मला गाडीत बसल्यावर कळली. मीठ बरोबर न्या. मैनापी या दुसऱ्या धबधब्याची वाट याहून लांब आहे आणि पावसाळ्यात पाण्याला भयंकर ओढ असते. त्या दिवसांत कधीकधी बंदीही असते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

वास्कोहून
माझं आजोळ कुर्डीचं, म्हणून मला नेत्रावळीपेक्षा तिथलंच सांगायचंय. साळावली धरण झालं आणि ऐंशीच्या दशकात अख्खं गाव पाण्याखाली गेलं. देऊळ, कपेल (छोटं चर्च), घरं, शेतं, सगळं. आज दक्षिण गोव्याच्या बऱ्याच भागात नळ सोडला की येतं ते पाणी या धरणाचं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म याच गावातला, 1904 सालचा.
मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. तांबडी भेगाळलेली जमीन, मेलेल्या माडांचे बुंधे, घरांची जोती. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो आणि कुठं कुठं विखुरलेली माणसं त्या दिवशी परत येतात. गेल्या खेपेस आईला घेऊन गेलो. तिनं रस्ता विचारला नाही. उन्हात सरळ चालत गेली, एका जोत्यावर चढली आणि जमिनीत पुरलेलं भात कांडायचं वायन तिला सापडलं. आत चिखल सुकलेला. तिनं हातानं तो खरवडून काढला, साडीच्या पदरानं पुसलं, आणि मग आम्ही डबा उघडून तिथंच जेवलो. मागून आलेल्या एका पाहुण्या मंडळींनी आमच्या जोत्यावर उभं राहून फोटो काढले, चपला घालून. त्यांना काय बोलणार! पण आईनं तोंड फिरवलं.
कुर्डीचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ बुडण्याआधी दगड न् दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभं केलंय. तेही बघा. जुलै-ऑगस्टात धरण भरलं तर बदकाच्या चोचीसारख्या सांडव्यातून पाणी खालच्या विहिरीत कोसळतं, ते बघायला गर्दी असते.

म्हापशाहून
उसगाळीमळला गेलो होतो, म्हणजेच पणसायमळचा कातळ बघायला. कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेल्या आकृत्या: बैल, हरण, मोर, नाचणारी बाई, आणि एक गोल गोल चक्रव्यूह. शंभरावर आकृत्या आहेत म्हणे, 1993 साली अभ्यासकांच्या नजरेस आल्या. भर दुपारी गेलात तर काहीच दिसणार नाही, नुसता कातळ. आम्ही पाच वाजेपर्यंत थांबलो. तिरकं ऊन पडलं आणि बैलाचं शिंग आधी उठलं, मग पाठ, मग पाय. माझी आठ वर्षांची पोर दगडावर पालथी पडून चक्रव्यूहाची वाट बोटानं हवेत गिरवत होती. बोट टेकवू नकोस म्हटलं होतं, म्हणून हवेत. पावसाळ्यात नदी वर चढते, तेव्हा नको.

पणजीहून, गाडीवाला
माझी फजिती. नेत्रावळीच्या रानातल्या वेर्ले गावात मुक्काम ठरवला होता. मोबाईलमधल्या नकाशानं एका बागायतीच्या कच्च्या रस्त्यात नेऊन सोडलं, मागे वळायला जागा नाही, नेटवर्क नाही. संध्याकाळी साडेसहा. पुढच्या वळणावर गवा! आपल्या राज्याचा प्राणी म्हणून शाळेत पाठ केलेला, पण एवढा मोठा असतो ते तेव्हा कळलं. हॉर्न वाजवला नाही, दिवे मंद केले, बसून राहिलो. तो पंधरा मिनिटांनी गेला. मग एक बागायतदार बॅटरी घेऊन आला, गाडी मागे घ्यायला लावली आणि घरी नेऊन म्हणाला, "चल, पेज जेव." उकड्या तांदळाची पेज, सुक्या बांगड्याचा तुकडा, आंब्याचं लोणचं. पैसे घेतले नाहीत. वेर्लेला रात्री दहाला पोचलो. तिथलं आकाश आणि थंडी यावर दुसरं कोणी लिहा, मी झोपलो होतो.

साखळीहून
एक छोटी गोष्ट. सांग्याहून पुढे बस आहे, पण परतीची वेळ कंडक्टरलाच विचारून ठेवा. आम्ही विचारली नाही. थांब्याजवळच्या दुकानदारानं "आयज ना, फाल्यां" (आज नाही, उद्या) सांगितलं आणि आम्हाला स्वतःच्या पिकअपमध्ये मागे बसवून सांग्याला सोडलं, भिरंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, पोत्यांवर. कपडे अजून जांभळे आहेत.

मडगावहून, एक प्रश्न
आईचं वय ब्याऐंशी, गुडघे दुखतात. तळी आणि कुर्डी, दोन्ही जमेल का?

वास्कोहून, उत्तर
तळीपाशी गाडी जवळ जाते, पण पायऱ्या उतरू देऊ नका, शेवाळ आहे. कुर्डीला मे महिन्यात सकाळी आठच्या आत पोचा, छत्री आणि घडीची खुर्ची न्या. आमच्या जोत्याला सावली नाही, पण बसायला या.