कॅमेऱ्याचा रिमोट घेताना आयआर (इन्फ्रारेड) की रेडिओ ते आधी बघा

एकाने विचारलंय की कॅमेऱ्यात २ सेकंदाचा टायमर (बटण दाबल्यावर २ सेकंदांनी फोटो निघतो तो) असताना वायरलेस रिमोट कशाला, तर लँडस्केपसाठी टायमर पुरतो हो, पण पक्षी टिपायचा असेल तर क्षण आपल्या हातात हवा, तिथे टायमर काही कामाचा नाही. आणि ३० सेकंदांच्या वर एक्स्पोजर (शटर उघडं राहण्याचा वेळ) हवं असेल तर बल्ब मोडला, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं त्या मोडला, रिमोट नसेल तर बटण बोटाने दाबून धरावं लागतं, मग कॅमेरा हललाच म्हणून समजा.

आता महत्त्वाचं, निकॉनचा एमएल-एल३ किंवा कॅननचा आरसी-६ हे स्वस्त रिमोट इन्फ्रारेड आहेत, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखे कॅमेऱ्यावरच्या रिमोट सेन्सरकडे रोखूनच दाबावे लागतात आणि बऱ्याच कॅमेरा बॉडींना तो सेन्सर पुढच्या बाजूला, ग्रिपवर (हाताने धरायच्या भागावर) असतो, त्यामुळे मागे उभं राहून दाबलं की काहीच होत नाही, लोक उगाच बॅटरी बदलत बसतात. भर उन्हात तर रेंज आणखीच कमी. जरा जास्त पैसे टाकून २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओवालाच घ्या, झाडाआडूनही चालतो. फक्त रिसीव्हरची (कॅमेऱ्याला जोडायचा, सिग्नल पकडणारा भाग) केबल आपल्या मॉडेलचीच आहे ना ते घेण्याआधी नीट बघा.

आणि ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजर करताना डीएसएलआरचा (आत आरसा असलेला कॅमेरा) व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, झाकायला विसरू नका, मागून उजेड शिरून मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) गंडतं.